कट्टरवाद्यांचं खासगी आयुष्य आणि आपली बातमी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या बातमीदारांसाठी मी अधूनमधून वर्ग घेते. आधी बरीच वर्षं क्राइम बीट केलं, नंतर डेस्क. वर्ग संपतो, प्रश्न संपत नाहीत. ते फोनवर येतात, बहुतेक रात्री नऊनंतर, पान सोडायच्या घाईत. बार्शीहून, अक्कलकोटहून, मंगळवेढ्याहून, कधी नुकतंच बीट मिळालेल्या नव्या मुलामुलींकडून. तेच ते प्रश्न फिरून येऊ लागले म्हणून इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच आहे, ओळख पटेल असे तपशील तेवढे काढले आहेत.

१. ‘कट्टरवादी’ नेमकं कोणाला म्हणायचं?

बातमीत हा शब्द शक्यतो वापरूच नका. माणसाने काय केलं आणि काय बोलला ते लिहा. ‘अमुक सभेत अमुक समाजाला गावातून हाकला असं आवाहन केलं, त्यावरून भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा नोंद’ एवढं लिहिलं की वाचक काय ते समजतो.

इथे बोलण्याच्या सोयीसाठी मी तो शब्द वापरते, त्याचा अर्थ असा: धर्म, जात, भाषा किंवा विचार यांच्या नावाने जो दुसऱ्याचा जगण्याचा हक्क नाकारतो आणि त्यासाठी हिंसा करतो, करवतो किंवा तिचं उघड समर्थन करतो. कोणी सोवळं पाळतो, कोणी पाच वेळा नमाज पढतो, कोणी लाल झेंडा घेऊन मोर्चात जातो, यात कट्टरवाद काहीच नाही.

सोलापूरकराने हा शिक्का जपून मारावा याला एक जास्तीचं कारण आहे. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना पोलिसांच्या खुनाचे गुन्हेगार ठरवून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. कुर्बान हुसेन तर आपल्यासारखेच वृत्तपत्रवाले होते. सरकारी कागदावर जे खुनी होते, त्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज ये-जा करतो. म्हणून शिक्का कोण मारतंय हे आधी बघायचं.

२. जो दुसऱ्यांच्या जिवावर उठतो, त्याला कसला आलाय खासगीपणा?

त्यालाही आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. तो हक्क फक्त सज्जनांसाठी आहे असं त्यात कुठेही नाही.

त्याआधीचा १९९४ चा राजगोपाल खटला आपल्या धंद्याला जास्त जवळचा. ऑटो शंकर नावाच्या, फाशीची शिक्षा झालेल्या खुन्याचं आत्मचरित्र एका तमिळ साप्ताहिकाला छापायचं होतं आणि तुरुंग अधिकाऱ्यांना ते नको होतं, कारण त्यात पोलिसांशी असलेले लागेबांधे येणार होते. न्यायालयाने सांगितलं की सरकार आधीच बंदी घालू शकत नाही. न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींत जे आहे ते संमतीशिवायही छापता येतं. मात्र त्यापलीकडे जाऊन माणसाचं कुटुंब, लग्न, मुलंबाळं यांबद्दल संमतीशिवाय लिहिलं, तर तो खासगीपणाचा भंग ठरू शकतो. हे एका खुन्याच्या बाबतीत सांगितलं आहे, हे लक्षात ठेवा.

३. मग त्याच्या खासगी आयुष्याबद्दल काहीच लिहायचं नाही का?

लिहायचं. कधी कधी लिहिलंच पाहिजे. हातमागावर ताणा आणि बाणा गुंतलेले असतात, तसा तो खासगी तपशील त्याच्या सार्वजनिक कृत्यात विणलेला आहे का, एवढंच बघायचं. तपशील ओढून काढला आणि कृत्याची बातमी जशीच्या तशी उरली, तर तो तपशील तिथे नको होता. तपशील काढल्यावर बातमीच उसवली, तर तो हवाच.

आपल्याकडचं सगळ्यात जुनं उदाहरण मुंबईचं. करसनदास मुळजींनी ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात एका संप्रदायाच्या महाराजांवर भक्त स्त्रियांच्या शोषणाचा आरोप केला. महाराजांनी बदनामीचा दावा लावला. १८६२ मध्ये तो गाजलेला खटला चालला आणि निकाल मुख्यतः करसनदासांच्या बाजूने लागला. शयनगृहातली गोष्ट होती, पण ती घडत होती धर्माच्या अधिकाराच्या जोरावर. खासगी आणि सार्वजनिक असे दोन धागे तिथे सुटे करताच आले नसते.

उलट बाजूचं उदाहरण लंडनचं. २००८ मध्ये एका टॅब्लॉइडने मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांच्या खासगी लैंगिक प्रसंगाचं चोरून केलेलं चित्रण छापलं. त्यांचे वडील ब्रिटनमधल्या फॅसिस्टांचे पुढारी होते. त्यामुळे ‘या प्रसंगात नाझी थाट होता, म्हणून जनतेला कळलं पाहिजे’ असा पत्राचा युक्तिवाद होता. न्यायालयाने पुरावा तपासला. नाझी थाट सापडला नाही. साठ हजार पौंड भरपाई द्यावी लागली. बापाच्या विचारांचा धागा मुलाच्या शयनगृहापर्यंत ओढला की असं होतं.

पैसा, शस्त्र, आश्रय, भरती, धमकी यांच्याशी जोडलेला कोणताही खासगी तपशील माझ्या मते या कसोटीवर टिकतो. संघटनेच्या देणग्यांतून कोणी बायकोच्या नावे प्लॉट घेतला असेल आणि सात-बारा तुमच्या हातात असेल, तर ती खासगी बाब उरत नाही.

४. तो जे उपदेश करतो त्याच्या उलट घरात वागतो. हा दुटप्पीपणा दाखवायला नको का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मोह इथेच सगळ्यात मोठा असतो. दुटप्पीपणा दिसला की हेडिंग आपोआप सुचतं.

तो जो नियम मोडतोय, तो दुसऱ्यांवर लादतोय का, हे आधी विचारा. समजा एखादा पुढारी वस्तीतल्या मुलींना कॉलेजला जाऊ देऊ नका म्हणून घरोघर दम देत फिरतो आणि त्याची स्वतःची मुलगी पुण्यात शिकते. दम खाल्लेल्या घरांना हे कळण्याचा हक्क आहे. ही बातमी लावा. मुलीचं नाव, कॉलेज, फोटो मात्र लावू नका. ती बापाच्या धोरणाची पुरावा-वस्तू नाही. ‘त्यांची मुलगी परगावी उच्च शिक्षण घेत आहे’ एवढ्या वाक्यात बातमीचं सगळं काम होतं.

आता समजा तोच माणूस चोरून दारू पितो आणि दारूबद्दल त्याने कधी कोणाला काही म्हटलेलं नाही. सोडून द्या.

ओसामा बिन लादेनचं प्रकरण या दोन्हींच्या मधलं आहे. मे २०११ मध्ये अबोटाबादच्या घरात तो मारला गेला आणि काही दिवसांतच नाव न सांगणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी माध्यमांना सांगितलं की तिथे अश्लील चित्रफितींचा साठा सापडला. जगभर छापून आलं, आपल्याकडेही. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने त्या घरातल्या लाखो फायली खुल्या केल्या, पण अश्लील साहित्य त्यातून वगळलं. त्या घरात अनेक माणसं राहत होती. साठा नेमका कोणाचा, कोण बघत होतं, हे वाचकाला तपासायची सोय कधीच नव्हती. त्या माणसाने हजारो जीव घेतले होते. त्यापुढे या तपशिलाने वाचकाच्या समजेत काय भर पडली? माझं उत्तर आहे, काही नाही. भर पडली ती शत्रूला हास्यास्पद करण्याच्या सरकारी कामात, आणि ते काम वृत्तपत्राचं नाही.

५. माहिती शंभर टक्के खरी आहे, कागद हातात आहेत. आता तरी छापायला हरकत काय?

खरी असणं ही पहिली पायरी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला अपवाद आहे, पण तो नुसतं ‘खरं’ असण्याला नाही. ते खरं असावं आणि ते प्रसिद्ध करणं लोकहिताचंही असावं, अशी दुहेरी अट आहे. नव्या मुलांना हे माहीत नसतं. ‘खरं आहे म्हणजे सुटलो’ असं ते समजतात.

कायद्याच्या पलीकडचं एक प्रकरण मी प्रत्येक वर्गात सांगते. ३१ ऑक्टोबर १९६५ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी छापली की कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचा न्यूयॉर्कमधला पुढारी डॅनियल बरोस जन्माने ज्यू आहे. हा माणूस आधी अमेरिकन नाझी पक्षात होता आणि ज्यूंच्या संहाराची भाषा बोलायचा. बातमी शंभर टक्के खरी होती. त्याच दिवशी त्याने स्वतःचा जीव घेतला.

बातमी छापायला नको होती का? वर्गात यावर दरवेळी भांडण होतं आणि ते व्हावंच. माझं मत असं की छापणं योग्य होतं. तो सामान्य सदस्य नव्हता, पुढारी होता, आणि ज्यांच्याविरुद्ध तो माणसं भडकवत होता त्यांच्यातच त्याचा जन्म होता. तो धागा सुटा करता येत नव्हता. पण माझं मत बनायला आणखी एक गोष्ट कारणीभूत आहे. बातमीदार मॅकँडलिश फिलिप्स त्याला आधी समोरासमोर भेटले होते. बरोसने जीवे मारण्याची धमकी दिली, तरी त्याची बाजू त्याच्याच तोंडून विचारून झाली होती. पाठीमागून, एका कागदाच्या भरवशावर, रात्री दहाला लावलेली ती बातमी नव्हती.

छापून झाल्यावर काय होऊ शकतं याचा विचार छापण्याआधी करायचा. समोरच्याच्या जिवाला स्वतःपासून धोका दिसत असेल, तर संपादकाला ते स्पष्ट सांगा. एक दिवस थांबल्याने अशी बातमी शिळी होत नाही.

६. पोलिसांनी पत्रकार परिषदेत सांगितलंय. मग जबाबदारी त्यांची ना?

नाव त्यांचं आणि बायलाइन तुमची, तर जबाबदारी दोघांची.

कसाबची बिर्याणी आठवा. मुंबईतला खटला चालू असताना ‘तुरुंगात त्याने बिर्याणी मागितली’ ही गोष्ट देशभर पसरली. चहाच्या टपरीवर लोक संतापून बोलायचे, निवडणुकीच्या भाषणांत ती यायची. मार्च २०१५ मध्ये विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी जयपूरच्या एका परिषदेत स्वतःच सांगितलं की कसाबने बिर्याणी कधी मागितली नव्हती, त्याला ती दिलीही नव्हती. त्याच्याबद्दल भावनिक वातावरण तयार होऊ लागलं होतं, ते मोडण्यासाठी ही गोष्ट आपण रचली, असं निकम म्हणाले. तोवर कसाबला फाशी होऊन दोन वर्षं उलटली होती.

एकशे सहासष्ट माणसांच्या हत्येच्या खटल्यात आपण ताटातल्या पदार्थावर बोलत राहिलो. कोणी विचारलं नाही की तुरुंगाच्या भांडारगृहाची नोंद काय म्हणते. जेवण, प्रार्थना, रडणं, प्रेयसी, कोठडीतली पुस्तकं हे तपशील तपासायला अवघड आणि पसरायला सोपे असतात, म्हणूनच ते पुरवले जातात. अशा तपशिलाला दुसरा, स्वतंत्र आधार नसेल तर तो गाळा. बातमी तरीही उभी राहते.

दोन छोट्या गोष्टी. रिमांडच्या सुनावणीत वकील जे बोलतो ते ‘सरकार पक्षाने न्यायालयात सांगितलं’ असंच लिहा, ‘उघड झालं’ असं नाही. आणि चेहरा झाकून आणलेल्या आरोपीचा मोकळ्या चेहऱ्याचा फोटो सोशल मीडियावरून शोधून लावू नका. ओळख परेड व्हायची असते, तुमच्या फोटोने ती कोर्टात निकामी होऊ शकते आणि त्याचा फायदा खऱ्या गुन्हेगारालाही मिळतो.

७. घरच्यांकडे जायचं की नाही? आई दारात रडतेय, सगळे चॅनलवाले पोचलेत.

इथे मला स्वतःची चूक सांगावी लागेल. क्राइम बीटच्या सुरुवातीच्या काळात एका तरुणाला बाहेरच्या पथकाने आपल्या शहरातून उचललं. मी त्याच्या घरी गेले. वडील यंत्रमागावर कामाला, आई विड्या वळायची. आईने मला पाणी दिलं. मी गल्लीचं नाव, वडिलांचा कारखाना, बहिणीचं ठरलेलं लग्न, सगळं लिहिलं. तीन कॉलम, चौकटीसह. बहिणीचं लग्न मोडलं. वडिलांना कामावरून कमी केलं. पुढे त्या तरुणावरचे आरोप टिकले नाहीत, तो सुटला, आणि ती बातमी पाचव्या पानावर चार ओळींत गेली. त्या घराने मला पाणी दिलं होतं आणि मी त्यांची राहती जागा छापली. त्यानंतर माझा नियम बदलला.

घरच्यांकडे जायला हरकत नाही, पण त्यांना स्रोत म्हणून भेटायचं, देखावा म्हणून नाही. जायचं कारण स्पष्ट असावं. डिसेंबर २००८ मध्ये कसाब आमचा नाहीच असं पाकिस्तान सरकार म्हणत असताना तिथल्याच ‘डॉन’ या वृत्तपत्राने ओकारा जिल्ह्यातल्या फरीदकोट गावात जाऊन त्याच्या वडिलांना गाठलं आणि मुलगा आपलाच असल्याचं त्यांच्या तोंडून छापलं. एका देशाचा खोटा दावा त्यातून उघडा पडला. पुढच्या महिन्यात पाकिस्तान सरकारलाही ते मान्य करावं लागलं. या कारणासाठी बापाच्या दारात जाणं योग्यच होतं. ‘आईची प्रतिक्रिया घेऊन ये’ हे कारण त्याच्या जवळपासही येत नाही.

अल्पवयीन मूल स्वतः आरोपी, पीडित किंवा साक्षीदार असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ नाव, पत्ता, शाळा, फोटो या सगळ्याला मनाई करतं. मूल नुसतं आरोपीचं असेल तर ते कलम लागू होईलच असं नाही. तिथे तुमचा विवेक लागू करा: मुलाचं काहीही छापू नका.

८. ताई, पोरगं आमच्याच चौकातलं आहे, सगळ्यांना माहीतच आहे. पत्ता छापला तर काय बिघडलं?

चौकाला माहीत असणं वेगळं आणि छापील असणं वेगळं. चौक विसरतो. शेजारीण दोन महिन्यांनी पुन्हा साखर मागायला येते. इंटरनेटवरची बातमी विसरत नाही, आणि ती चौकाबाहेरचा जमावही वाचतो.

आपल्या शहरात आणखी एक गोष्ट आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांचं हे गाव. इथे पेठेचं किंवा वस्तीचं नाव लिहिलं की बहुतेक वेळा समाजाचं नाव लिहिल्यासारखंच होतं. एका माणसाच्या कृत्यासाठी अख्खी पेठ आरोपी होते. तणावाच्या दिवसांत ‘शहरातील एका तरुणास’ पुरेसं आहे. घटना जिथे घडली ती जागा द्या, आरोपी राहतो ती नको. गाडीचा नंबर, मोबाइल नंबर, मुलांची शाळा, बायकोची नोकरी यांना हेच लागू. पुरावा म्हणून घराचीच बातमी असेल, म्हणजे तिथे शस्त्रसाठा सापडला असेल, तर हा नियम बदलतो.

९. त्याच्या फेसबुकवरचं आणि व्हॉट्सॲप ग्रुपमधलं छापता येतं का?

सगळ्यांना दिसणारी पोस्ट ही सभेतल्या भाषणासारखी आहे. छापा, स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. मात्र त्याच खात्यावरचे मुलीच्या वाढदिवसाचे, बहिणीच्या लग्नाचे फोटो उचलू नका. ते सगळ्यांना दिसतात म्हणून तुमचे होत नाहीत.

बंद ग्रुपचं जरा वेगळं आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत दंगल पेटवायची आखणी ग्रुपवर चालली असेल तर आधी पोलिसांना सांगा, मग बातमीचं बघा. ग्रुपमधल्या कोणी तुम्हाला चॅट दिला असेल तर देणाऱ्याचा जीव सांभाळणं तुमच्यावर आहे. स्क्रीनशॉटमध्ये कोणाचं नाव कोणत्या नावाने सेव्ह आहे, वर बॅटरी किती टक्के आहे, यावरूनही फोन कोणाचा ते ओळखतात. मजकूर पुन्हा टाइप करून छापा.

१०. खोटं नाव सांगून त्यांच्यात शिरलो तर?

हा शेवटचा मार्ग, आणि एकट्या बातमीदाराने ठरवायचा नाही. प्रेस कौन्सिलचे निकष सांगतात की समोरच्याला न सांगता संभाषण रेकॉर्ड करू नये, अपवाद फक्त ठोस कारणाचा. संपादकाची लेखी परवानगी हवी, आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गाने ही माहिती मिळत नव्हती हे दाखवता आलं पाहिजे. २००७ मध्ये दिल्लीतल्या एका शिक्षिकेवरचं वाहिनीवरचं स्टिंग बनावट निघालं. तोवर जमावाने तिला शाळेबाहेर मारहाण केली होती. वाहिनी महिनाभर बंद ठेवावी लागली. छुपा कॅमेरा घेऊन तुम्ही कोणाच्या शयनगृहात किंवा न्हाणीघरात शिरलात, तर बातमीदार म्हणून नाही, गुन्हेगार म्हणून उभे राहाल.

११. संघटनेच्या सदस्यांची पूर्ण यादी हाती लागली आहे. टाकून देऊ का?

नका. यादी ही बातमीची सुरुवात असते.

नोव्हेंबर २००८ मध्ये ब्रिटिश नॅशनल पार्टी या अतिउजव्या पक्षाच्या दहा हजारांहून जास्त सदस्यांची नावं, पत्ते, फोन नंबर इंटरनेटवर फुटले. त्यात खरी बातमी होती: पोलिसांना त्या पक्षाचं सदस्य होण्यास मनाई होती आणि यादीत पोलिसाचंही नाव निघालं. तेवढ्याचा शोध घेणं हे पत्रकारितेचं काम. उरलेल्या हजारोंचे घरचे पत्ते फिरवणं म्हणजे जमावाला नकाशा देणं.

यादीत कोण पोलिस, शिक्षक, सरकारी कर्मचारी, लोकप्रतिनिधी आहे ते शोधा, प्रत्येकाला फोन करा, सदस्यत्वाचा त्याच्या कामावर परिणाम होतो का ते बघा. बाकीची यादी बंद ठेवा. २०१८ च्या डेटा संरक्षण मसुद्यात पत्रकारितेला सूट होती, २०२३ च्या कायद्यात ती राहिली नाही. त्यामुळे अशी यादी हाताळताना वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. नावसाधर्म्याबद्दल पुढचा प्रश्न वाचा.

१२. व्हायरल व्हिडिओतला माणूस कोण हे आम्ही ओळखलंय. नाव टाकू?

दोघांनी, एकमेकांशी न बोलता, ओळखलंय का? ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिलमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मशाली घेऊन मोर्चा निघाला, तेव्हा इंटरनेटवरच्या लोकांनी फोटोतला एक माणूस अर्कान्सास विद्यापीठातला प्राध्यापक असल्याचं ठरवून टाकलं. तो त्या रात्री शेकडो मैल लांब, अर्कान्सासमध्येच होता. त्याला पत्नीसह घर सोडून राहावं लागलं. आपल्याकडे एकाच आडनावाची, एकाच नावाची चार घरं एका गल्लीत असतात. वडिलांचं नाव आणि वय पडताळल्याशिवाय कोणाचंही नाव नको.

१३. त्याची जात, धर्म, आजार, लैंगिकता, घटस्फोट यांपैकी काय चालतं?

धर्म किंवा जात ही कृत्याचं कारण म्हणून त्यानेच पुढे केली असेल तर येते. उगाच येत नाही.

आजार येत नाही. प्रश्न ३ मधल्या महाराजांच्या बदनामी खटल्यात (महाराज लायबल केस) डॉ. भाऊ दाजी लाड यांनी महाराजांच्या गुप्तरोगाबद्दल साक्ष दिली होती, हे मला माहीत आहे. पण ती न्यायालयात, शपथेवर, शोषणाचा आरोप सिद्ध करण्यासाठी होती. दवाखान्यातला कंपाउंडर तुम्हाला केसपेपरचा फोटो पाठवतो त्याच्याशी तिची तुलना नाही. मानसिक आजाराचं तर अजिबात नको. वाचक त्यातून हिंसेचं कारण काढतो आणि सोलापुरातला प्रत्येक रुग्ण त्याची किंमत मोजतो.

लैंगिकता उघड करायची नाही. ‘तो समलैंगिकांच्या विरोधात बोलतो आणि स्वतः तसाच आहे’ असा निरोप घेऊन कोणी आलं तरी. ६ सप्टेंबर २०१८ पासून प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत. त्याच्या द्वेषाचं खंडन त्याच्या भाषणांवरून पुरेपूर करता येतं. लैंगिकता हे तुम्ही हत्यार म्हणून वापरलंत, की ‘ही लाजेची गोष्ट आहे’ हे त्याचंच म्हणणं तुम्ही छापता. इतर दुटप्पीपणासाठी मी प्रश्न ४ मध्ये जी सूट दिली, ती इथे देत नाही. काही सहकारी असहमत आहेत.

घटस्फोट येत नाही. पत्नीने कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार केली असेल आणि तिला ती बाहेर यावी असं वाटत असेल, तर येते. निर्णय तिचा.

१४. त्याच्या बालपणावर, आवडीनिवडींवर लिहिलं की तो हीरो होतो असं म्हणतात. खरं आहे का?

होऊ शकतो. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या मशिदींत १५ मार्च २०१९ रोजी एक्कावन्न माणसं मारली गेली. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत हल्लेखोराचं नाव आपण उच्चारणार नाही असं सांगितलं, आणि तिथल्या प्रमुख माध्यमांनी खटल्याचं वार्तांकन करताना त्याच्या विचारांना व्यासपीठ न देण्याचं एकत्र ठरवलं. नीसच्या हल्ल्यानंतर जुलै २०१६ मध्ये फ्रान्सच्या ‘ल मोंद’ने हल्लेखोरांचे फोटो छापणं थांबवलं.

मी नाव पूर्ण गाळण्याच्या बाजूची नाही. नाव लपवलं की अफवा नाव ठरवते. ‘शांत, लाजाळू, गणितात हुशार’ ही ओळ मात्र गाळा. शेजारी प्रत्येक वेळी हेच सांगतात. भरती कशी झाली, कोणी गाठलं, पैसे कुठून आले, हा बालपणाचा उपयोगी भाग. बाकी जागा बळींच्या घरांना द्या.

१५. ज्याने हिंसा सोडली, त्याचा भूतकाळ किती दिवस उगाळायचा?

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. अशा वेळी जंगलातली लग्नं, नसबंद्या, नाती यांवर रकाने भरतात. आत्मसमर्पण केलेल्या माणसाला जुन्या साथीदारांकडून जिवाचा धोका असतो. त्याचं नवं गाव, नवं काम, मुलांची शाळा हे छापणं म्हणजे त्याला शोधून देणं. दलातल्या स्त्रियांवर झालेले अत्याचार त्या स्वतः सांगत असतील तर त्यांच्या शब्दांत लिहा, ‘जंगलातली प्रेमकहाणी’ नको. भूपतीसारख्या नेत्याच्या निर्णयांमुळे गेलेल्या जिवांचा हिशेब मात्र आत्मसमर्पणाने मिटत नाही. तो विचारत राहणं योग्य आहे.

१६. बातमीनंतर धमक्या येत आहेत. काय करू?

एकट्याने पचवू नका. संपादकाला लेखी कळवा, पोलिसांत तक्रार द्या. पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड सांगतो, आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. घराचा पत्ता असलेलं प्रोफाइल बंद करा. त्यांनी तुमच्या मुलांचा फोटो फिरवला, म्हणून तुम्ही त्यांच्या मुलांचा फिरवायचा नाही.

१७. वाचक म्हणून आम्हाला वाटलं की बातमीने मर्यादा ओलांडली. तक्रार कुठे करायची?

आधी संपादकाकडे, लेखी. वृत्तपत्राबद्दल पुढे प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे. ही संस्था १९७८ च्या कायद्याखाली चालते, समज देऊ शकते, दंड करू शकत नाही. खासगी वृत्तवाहिन्यांसाठी त्यांचं स्वतःचं प्राधिकरण आहे, ते सदस्य वाहिन्यांना दंडही करतं.

१८. आरोपी निर्दोष सुटला, किंवा आमचीच चूक झाली. आता काय?

हे फार वेळा होतं. २००६ च्या मालेगाव स्फोटात आधी पकडलेल्यांना २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केलं. २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. मुंबई लोकल स्फोटांतल्या बारा जणांची शिक्षा उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवलं नाही. डॉ. दाभोलकर खुनाच्या खटल्यात १० मे २०२४ रोजी पाचपैकी दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. धर्म वेगळे, संघटना वेगळ्या. यांतल्या प्रत्येकाचं घर, लग्न, शाळा, मित्र आपण अटकेच्या आठवड्यात छापून मोकळे झालो होतो.

सुटकेची बातमी अटकेच्या बातमीइतकीच मोठी, त्याच पानावर लावा. खुलासा असेल तर ‘दिलगीर आहोत’ लिहून थांबू नका, कोणतं वाक्य चुकलं आणि बरोबर काय ते लिहा.

प्रश्न ७ मधल्या घरी मी खूप वर्षांनी गेले. वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीतून दोन कात्रणं काढली, माझी तीन कॉलमची आणि ती चार ओळींची. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, मोबाइलवर नातवाला फक्त पहिलीच सापडते, दुसरी तिच्याखाली लावून द्या. आम्ही जुनी बातमी शोधली, तिच्या माथ्यावर सुटकेची तारीख आणि न्यायालयाचं नाव टाकलं, गल्लीचं आणि बहिणीचं वाक्य काढून टाकलं, आणि ते का काढलं हेही खाली लिहिलं. एका दुपारचं काम होतं. तुमच्याकडे अशी जुनी बातमी असेल तर मला लिंक पाठवा, कसं करायचं ते मी सांगते.